आमच्या चोवीस जागा मोजणाऱ्या अभियंता मॅडमना अनावृत आभारपत्र

आदरणीय मॅडम,

सविनय नमस्कार.

गेल्या महिन्यात आमच्या इमारतीतील चोवीसही भाडेकरूंच्या नव्या घरांचे करार दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदले गेले. त्या प्रत्येक कराराला जे परिशिष्ट जोडलेले आहे, ती आपण पाच वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात, इमारत पाडण्यापूर्वी, चार दिवस आमच्या घराघरांत फिरून तयार केलेली कोणाची किती जागा याची यादी आहे. ही बातमी आपल्याला समक्ष सांगावी म्हणून आम्ही तिघे महापालिकेच्या विभाग कार्यालयात गेलो, तेव्हा आपली बदली झाल्याचे समजले. आपण केलेल्या कामाचे पुढे काय झाले हे आपल्याला कळावेच, पण आज ज्यांच्या दारावर आमच्यासारखीच धोकादायक इमारत रिकामी करण्याची नोटीस चिकटलेली आहे त्यांनाही ते कळावे, यासाठी हे पत्र उघडपणे लिहीत आहे. आपल्याला संकोच वाटू नये म्हणून नावाचा उल्लेख केलेला नाही.

आमची इमारत पूर्व उपनगरातली, १९६२ सालची, तळमजला आणि वर तीन मजले. खाली पिठाची गिरणी, शिंपी आणि इस्त्रीवाला असे तीन गाळे, वर एकवीस खोल्या, सगळे पागडीचे, म्हणजे एकरकमी पैसे देऊन नाममात्र भाड्याने घेतलेले. अशा इमारती का खचतात हे मुंबईत कोणाला नव्याने सांगायला नको. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी बांधून ठेवली आणि १९९९ च्या कायद्याने वर्षाला चार टक्के वाढ दिली, तरी मूळ भाडेच दोन आकडी असल्यावर त्या रकमेतून गळके छतही दुरुस्त होत नाही. मालक खर्च करीत नाही, आणि जागा आपल्या नावावर नाही म्हणून भाडेकरूही हात आखडता घेतो. शहर भागात १९६९ च्या कायद्याने दुरुस्ती मंडळ आले आणि उपकर घेऊन जुन्या इमारतींची डागडुजी करण्याची सोय झाली. शीव-माहीमच्या पलीकडे ती सोय नाही. इथे भाडेकरूंना महापालिका भेटते ती बहुधा नोटिशीच्या रूपानेच.

त्या नोटिशीची आम्हाला किती धास्ती होती हे आपण पाहिले आहे. तीस वर्षांहून जुन्या इमारतीची संरचनात्मक तपासणी करून घेणे मुंबई महापालिका कायद्याच्या कलम ३५३-ब नुसार बंधनकारक आहे. मालकाने नेमलेल्या सल्लागाराने आमची इमारत सी-१, म्हणजे ताबडतोब रिकामी करून पाडण्याच्या वर्गात घातली, तर आम्ही वर्गणी काढून नेमलेल्या सल्लागाराने ती दुरुस्तीयोग्य ठरवली. आमची समजूत अशी होती की मालकाला भूखंड मोकळा हवा आहे आणि महापालिका त्याला साथ देत आहे. आपण पहिल्यांदा आलात त्या दिवशी दुसऱ्या मजल्यावरच्या बायकांनी आपल्याला जिन्यातच अडवले होते. त्याबद्दल आज त्यांच्यासह आम्ही सर्व जण मनापासून क्षमा मागतो.

आपण तेव्हा वाद घातला नाहीत. दोन अहवालांत तफावत असली की प्रकरण तांत्रिक सल्लागार समितीकडे जाते आणि तिथे भाडेकरूंनाही आपले म्हणणे मांडता येते, हे आपण जिन्यात उभ्या उभ्या समजावून सांगितलेत आणि अर्ज कसा करायचा तेही सांगितलेत. समितीपुढे खांबांतून काढलेल्या काँक्रिटच्या नमुन्यांचे निष्कर्ष आले. सळ्या कुठवर गंजल्या आहेत हे आमच्याच सल्लागाराला तिथे मान्य करावे लागले. २७ जून २०२२ च्या रात्री कुर्ल्याच्या नाईक नगरमधील इमारत कोसळून १९ माणसे गेली. त्या इमारतीलाही आधी नोटिसा मिळाल्या होत्या आणि तिच्याही वर्गाबाबत वेगवेगळे अहवाल झाले होते. ते वाचले तेव्हा आमच्यापैकी कित्येकांना रात्रभर झोप लागली नाही. आपल्याशी जिन्यात भांडलेल्या एका काकूंनी दुसऱ्या दिवशी सकाळी मला फोन केला आणि, आपण वाचलो हो, एवढेच म्हणाल्या.

पण जीव वाचणे ही एक गोष्ट आणि घर वाचणे ही दुसरी. इमारत पाडली की हक्कही गेला, असेच आम्ही सगळे धरून चाललो होतो. इमारत नष्ट झाली तरी भाडेकरूचा हक्क संपत नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये दिला आहे. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने धोकादायक इमारतींसाठी कार्यपद्धती घालून दिली. पाडण्यापूर्वी कोणाची किती जागा होती याची नोंद महापालिकेने करायची, आणि पुढे मालक पुनर्बांधणीची परवानगी मागेल तेव्हा भाडेकरूंशी करार झाल्याखेरीज बांधकाम सुरू करण्याचा दाखला मिळणार नाही, अशी अट घालायची. हे सारे आम्हाला पहिल्यांदा आपल्याकडून कळले. कलम ३५४ ची नोटीस ही आम्हाला बाहेर काढणारी होती, पण तिच्या जोडीला असलेला हा नोंदीचा भाग आम्हाला पुन्हा आत आणणारा होता.

आता त्या चार दिवसांविषयी. मालकाने दिलेल्या यादीत नुसती नावे आणि एकेक आकडा होता, आणि बहुतेक आकडे प्रत्यक्षापेक्षा कमी होते. ती यादी समोर ठेवून टेबलावर बसून काम उरकता आले असते. आपण एक मदतनीस आणि मोजपट्टी घेऊन ऐन उन्हात तीन मजले चढलात, कपाटे सरकवायला लावून भिंतीपासून भिंतीपर्यंत माप घेतलेत, मोरी आणि स्वयंपाकाचा ओटा आत धरलात, गिरणीचा गाळा निवासी नसल्याची नोंद वेगळी केलीत. प्रत्येक खोलीचे माप झाल्यावर त्या घरातल्या माणसाला ते मोठ्याने वाचून दाखवलेत, आणि त्याची सही घेतल्यावरच पुढच्या दाराकडे वळलात.

तिसऱ्या मजल्यावरच्या आजींच्या भाडेपावत्या पावसाच्या पाण्यात भिजून त्यांचा लगदा झाला होता आणि खोली अजून त्यांच्या दिवंगत यजमानांच्या नावावर होती. आपण त्यांचे रेशनकार्ड, विजेची जुनी बिले आणि मतदार यादीतील नोंद पाहिलीत, शेजारच्या दोघांचे जबाब लिहून घेतलेत, आणि मूळ भाडेकरूचे नाव व प्रत्यक्ष राहणाऱ्या व्यक्तीचे नाव अशा दोन्ही नोंदी केल्यात. आजी आता नाहीत. त्यांच्या मुलीचा करार त्याच नोंदीच्या आधारे झाला.

एक गोष्ट मला कबूल केली पाहिजे. आमच्यापैकी पाच-सहा जणांनी गॅलरी बंद करून घेतली होती आणि ती जागा खोलीच्या मापात धरावी असा आग्रह आम्ही धरला होता. त्यात मीही होतो. आपण ती वेगळ्या रकान्यात, वाढीव बांधकाम म्हणून लिहिलीत. एकाची नोंद खोटी ठरली तर सगळ्यांचा कागद संशयात जाईल, असे आपण मला म्हणालात, आणि मला त्या वेळी राग आला होता. दोन वर्षांपूर्वी विकासकाच्या वास्तुविशारदाने यादीवर हरकत घेतली तेव्हा एकही माप वाढवलेले निघाले नाही. हरकत एका बैठकीत संपली. गॅलरीचे ते चाळीस चौरस फूट आपण माझ्या नावे लिहिले असते, तर त्या बैठकीत काय झाले असते याचा विचार मी अनेकदा करतो.

मधली पाच वर्षे सोपी नव्हती. कोणी बदलापूरला, कोणी विरारला, कोणी मुलीच्या घरी असे आम्ही पांगलो, आणि भाडी आपापल्या खिशातून भरली. तिघे वडीलधारे करार पाहण्याआधीच गेले. धोकादायक इमारतीतून काढलेल्या माणसांसाठी जवळपास पुरेशी संक्रमण घरे, म्हणजे तात्पुरत्या राहण्याची सोय, असत नाहीत आणि हे एका अभियंत्याच्या हातात नसते, हे आम्ही जाणतो. आपणही आम्हाला खोटी आशा दाखवली नव्हती. वीज आणि पाणी कोणत्या तारखेला तोडले जाईल हे आपण तीन आठवडे आधी सांगितलेत, त्यामुळे पाऊस सुरू होण्यापूर्वी प्रत्येकाला जागा शोधता आली आणि कोणावर पोलीस आणण्याची वेळ आली नाही.

आपल्या सहकाऱ्यांना आमची एक विनंती पोचवावी. मोजमापाची यादी तयार झाली की तिची सही-शिक्क्याची प्रत प्रत्येक भाडेकरूला इमारत रिकामी करण्याआधीच मिळावी. आपण ती आम्हाला मागायलाही लावली नाहीत, जावक क्रमांक घालून चोवीस प्रती दिल्यात. दुसऱ्या एका गल्लीतील भाडेकरू आज तीच प्रत मिळवण्यासाठी माहिती अधिकारात अर्ज करीत आहेत. त्यांना आम्ही आमची प्रत नमुन्यादाखल दिली आहे.

माझी प्रत बदलापूरच्या भाड्याच्या घरात पाच वर्षे कपाटाच्या कप्प्यात, आईच्या औषधांच्या फाइलजवळ होती. करार नोंदवताना निबंधक कार्यालयात ती बाहेर काढली, तेव्हा आईने चष्मा लावून आमच्या खोलीपुढचा आकडा वाचला आणि खालची आपली सही कोणाची, असे विचारले. मी सांगितले. त्या बाईंना कळवलेस का, हा तिचा पुढचा प्रश्न होता. हे पत्र त्यामुळेच लिहिले गेले.

आपले कृतज्ञ,
तीन गाळे व एकवीस खोल्यांतील सर्व भाडेकरूंच्या वतीने,
दुसऱ्या मजल्यावरील एक रहिवासी