वेबसाइटचं काम तोंडी ठरवू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दहावी-बारावीचे निकाल लागले की ‘घरबसल्या कमाई’च्या जाहिराती सुरू होतात आणि त्यात वेबसाइट बनवण्याचं काम हमखास असतं. नागपुरात हे काम नोकरीत न राहता, स्वतंत्रपणे करणारी मुलं-मुली आता जवळजवळ प्रत्येक वस्तीत सापडतात. इतवारीतला कापड व्यापारी, रामदासपेठेतलं रुग्णालय, कळमन्यातला संत्र्याचा अडत्या, धरमपेठेतले क्लासेस, ताडोबाच्या वाटेवरचं रिसॉर्ट ही त्यांची गिऱ्हाइकं. या कामात पैसे अडकतात, साइट बंद पडतात आणि मग दोन्ही बाजू एकमेकांना लबाड ठरवतात. बहुतेक वेळा लबाडी कुणाचीच नसते. काम चहा पिता पिता तोंडी ठरलेलं असतं आणि कागदावर काहीच नसतं, एवढंच. त्या कागदावर नेमकं काय हवं, हे गिऱ्हाइकांना आणि नव्याने या धंद्यात येणाऱ्यांनाही कळावं म्हणून हे पत्र.

सगळ्यात आधी डोमेन, म्हणजे साइटचं नाव. व्यापारी म्हणतो, ‘तूच घेऊन टाक, पैसे मी देतो.’ मुलगा आपल्या खात्यातून, आपल्या ईमेलवर, आपल्या मोबाइल नंबरवर ते घेतो. दोन वर्षांनी तो पुण्याला किंवा हैदराबादला नोकरीला जातो, नंबर बदलतो आणि ओटीपी कुणाकडेच येत नाही. पैसे आपले आणि सातबारा दुसऱ्याच्या नावावर, असा हा प्रकार. डोमेनचं खातं पहिल्या दिवसापासून गिऱ्हाइकाच्याच नावाने उघडावं आणि काम करणाऱ्याला त्यात फक्त तांत्रिक प्रवेश द्यावा. त्या खात्याला जोडलेला ईमेल त्याच डोमेनवरचा नसावा. डोमेनची मुदत संपली की त्यावरचा ईमेलही बंद होतो, आणि पासवर्ड बदलण्याची लिंक नेमकी त्याच बंद पत्त्यावर जाते.

मुदत संपल्यावर काय होतं, हेही माहीत असू द्यावं. डॉट कॉम नाव लगेच जात नाही. रजिस्ट्रारप्रमाणे (नाव विकणाऱ्या कंपनीप्रमाणे) काही दिवस, जास्तीत जास्त 45, नेहमीच्या दराने नूतनीकरण करता येतं. त्यानंतर 30 दिवस ते परत मिळवता येतं, पण दंडासह, आणि तो दंड मूळ फीच्या कितीतरी पट असतो. पुढचे 5 दिवस कुणालाच काही करता येत नाही आणि मग नाव सगळ्यांसाठी खुलं होतं. ‘ऑटो रिन्यू चालू आहे’ यावर विसंबू नये. 1 ऑक्टोबर 2021 पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार, आधी ई-मँडेट, म्हणजे पैसे कापायची कायमची परवानगी, दिलेलं नसेल तर कार्डावरून आपोआप पैसे कापले जात नाहीत, आणि आता 15 हजारांवरच्या वसुलीला दर वेळी ओटीपी लागतो. परदेशी रजिस्ट्रारकडे ही सोय बरेचदा नसते. स्क्रीनवर ऑटो रिन्यू हिरवं दिसतं आणि पैसे मात्र कापलेच जात नाहीत. त्यापेक्षा एकदम तीन किंवा पाच वर्षांचे पैसे भरावेत आणि मुदतीच्या महिनाभर आधीची आठवण दोघांच्याही फोनमध्ये लावून ठेवावी.

दुसरा मोठा घोळ साइट एका होस्टिंगवरून (साइट ठेवण्याच्या भाड्याच्या जागेवरून) दुसरीकडे नेताना होतो आणि त्याचा फटका साइटपेक्षा ईमेलला जास्त बसतो. नवखा माणूस नेमसर्व्हर बदलतो, म्हणजे डोमेनची नोंदवही (डीएनएस) जिथे असते ती जागाच. साइट नव्या जागी दिसते, सगळे खूश. पण जुन्या डीएनएसमधली एमएक्स (मेल कुठे जायचा) आणि टीएक्सटी (मेलच्या खरेपणाच्या खुणा वगैरे) रेकॉर्ड नव्या जागी उतरवलेली नसतात. कोटेशनं, ऑर्डरी, रुग्णांचे रिपोर्ट मागवणारे मेल येईनासे होतात, आणि बरेचदा व्यापाऱ्याला चार दिवसांनी कुणी फोन करून ‘मेल परत आला’ म्हणेपर्यंत पत्ताही लागत नाही. योग्य रीत अशी: आधी सगळी रेकॉर्ड एका फाइलमध्ये उतरवून घ्यावीत, पडद्याचे फोटोही काढून ठेवावेत. बदलाच्या किमान एक दिवस आधी टीटीएल, म्हणजे जुनी नोंद इतरांकडे किती वेळ साठून राहते तो काळ, 300 सेकंदांवर आणावा, म्हणजे काही चुकलंच तर पाच मिनिटांत मागे फिरता येतं. साइटची नक्कल नव्या जागी चढवून, आपल्या संगणकाच्या होस्ट्स फाइलमध्ये नवा आयपी (सर्व्हरचा आकड्यांतला पत्ता) लिहून, आतली पानं आणि फॉर्म तपासावेत. मग शक्यतो फक्त ए रेकॉर्ड, म्हणजे साइट कुठे आहे ती नोंद, बदलावं आणि नेमसर्व्हरला हात लावू नये. जुनं होस्टिंग निदान आठवडाभर चालू ठेवावं. हे काम शुक्रवारी संध्याकाळी करू नये.

त्याच टीएक्सटी रेकॉर्डमध्ये एसपीएफ असतं, म्हणजे आपल्या नावाने मेल कोण पाठवू शकतं त्याची यादी. एका डोमेनला एसपीएफची एकच ओळ चालते. मेल एका कंपनीचा आणि बिलं पाठवणारं सॉफ्टवेअर दुसऱ्या कंपनीचं असलं की लोक दुसरी ओळ जोडतात. तसं केलं की तपासणी करणारा सर्व्हर दोन्ही ओळी बाद धरतो आणि मेल स्पॅममध्ये जाऊ लागतात. दोन्ही कंपन्यांचे इन्क्लूड (परवानगीचे उल्लेख) एकाच ओळीत लिहायचे असतात आणि त्या ओळीतून होणाऱ्या डीएनएस चौकशा 10 च्या वर जाता कामा नयेत. फेब्रुवारी 2024 पासून गूगल आणि याहू यांनी ठोक मेल पाठवणाऱ्यांवर एसपीएफ, डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही) आणि डीमार्क (खरेपणा न पटलेल्या मेलचं काय करायचं तो नियम) तिन्हींची सक्ती केली आहे. हे सगळं देखभालीचं काम आहे आणि देखभालीला पैसे पडतात, हे गिऱ्हाइकाला पटवून देणं फार अवघड जातं. ‘एकदा बनवून दिली की झालं, आता कशाचे पैसे?’ हा प्रश्न ठरलेला. साइटला कुलपाची खूण दाखवणारं सर्टिफिकेटच पाहा. फुकट मिळणारी बरीचशी 90 दिवसांची असतात. ती आपोआप नवी होतात खरी, पण डोमेन दुसरीकडे वळवलं की पडताळणी अडते आणि एका सकाळी ग्राहकाला ‘ही साइट सुरक्षित नाही’ असं पान दिसतं. विकतच्या सर्टिफिकेटची कमाल मुदतही आता टप्प्याटप्प्याने उतरते आहे: 15 मार्च 2026 पासून 200 दिवस, 2027 च्या मार्चपासून 100 आणि 2029 च्या मार्चपासून 47. वर्षाचं एकदाच घातलं आणि विसरलं, ते दिवस गेले. म्हणून कागदावर देखभालीची वर्षाची रक्कम वेगळी हवी आणि त्यात काय येतं तेही हवं: दर आठवड्याचा बॅकअप (होस्टिंगच्या बाहेर ठेवलेला), महिन्यातून एकदा प्लगइन (जोडसुविधा) आणि थीमचे (साच्याचे) अपडेट, मजकुरातले किती बदल.

उशीर कशामुळे होतो, याबद्दलही गैरसमज आहे. डिझाइन तयार असतं, मजकूर आलेला नसतो. आला तर छापखान्यातून, युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमध्ये. पत्रिकेवर सुंदर दिसणारा तो मजकूर साइटवर टाकला की अगम्य इंग्रजी चिन्हं उमटतात. कन्व्हर्टरमधून काढला तर रफार पुढच्या अक्षरावर सरकतो, पहिली वेलांटी चुकीच्या जागी बसते आणि ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्या’ असल्या शब्दांतला ऱ्य हमखास बिघडतो. प्रत्येक ओळ मूळ कागदाशी ताडून पाहावी लागते. वस्तूंचे फोटो व्हॉट्सॲपवर येतात तेव्हा दाबले जाऊन लहान झालेले असतात. तेच डॉक्युमेंट म्हणून पाठवले तर मूळ आकारात येतात. दुकानदाराने एक एक्सेल करावी: वस्तूचं नाव, वजन किंवा माप, किंमत, एचएसएन (जीएसटीसाठीचा वस्तूचा क्रमांक), फोटोच्या फाइलचं नाव. साइटवर पैसे घ्यायचे असतील तर पेमेंट गेटवेवाले (ऑनलाइन पैसे जमा करून देणाऱ्या कंपन्या) परतावा, गोपनीयता, पोहोच आणि संपर्क ही पानं आधीच मागतात, आणि खातं व्यापाऱ्याच्याच पॅन आणि बँकेवर उघडावं लागतं. ‘सध्या तुझ्या खात्यात घे’ असं कुणी म्हटलं तर साफ नकार द्यावा. ती उलाढाल उद्या त्या मुलाचीच जमा म्हणून दिसते. कागदावर एक ओळ टाकावी, की कामाचे दिवस संपूर्ण मजकूर हाती आल्यापासून मोजले जातील आणि दुरुस्तीच्या फेऱ्या दोन असतील.

आता पैशाचं. साधारण चाळीस टक्के सुरुवातीला, तीस टक्के डिझाइन मान्य झाल्यावर आणि उरलेले साइट डोमेनवर चढवण्याआधी, ही विभागणी दोघांनाही सोयीची पडते. खरी अडचण शेवटच्या हप्त्याची. ‘पुढच्या आठवड्यात बघू’ म्हणता म्हणता दिवाळी येते. पण याला कायदा आहे आणि तो आपल्याकडे फार कमी वापरला जातो. लहान उद्योगांसाठीच्या सरकारी उद्यम पोर्टलवर नोंदणी फुकट आहे, आधार आणि पॅन एवढ्यावर होते, आणि सेवा देणारा एकटा माणूसही सूक्ष्म उद्योगात बसतो. 2006 च्या एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास) कायद्याच्या कलम 15 प्रमाणे लेखी करार असेल तर पैसे देण्याची त्यातली मुदत, पण 45 दिवसांपेक्षा जास्त नाही. करार नसेल तर 15 दिवस. काम हाती आल्यापासून 15 दिवसांत गिऱ्हाइकाने लेखी हरकत घेतली नाही तर ते स्वीकारलं असं धरलं जातं. म्हणून काम सुपूर्द केल्याचा ईमेल तारखेसह हवाच, फोनवर सांगून भागत नाही. मुदत चुकली तर कलम 16 प्रमाणे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. तक्रार सरकारच्या एमएसएमई पोर्टलवरून सुलभीकरण परिषदेकडे, म्हणजे लहान उद्योगांच्या थकबाकीचे वाद सोडवणाऱ्या सरकारी मंडळाकडे, जाते. परिषदेच्या निवाड्याविरुद्ध कोर्टात जायचं तर गिऱ्हाइकाला 75 टक्के रक्कम आधी भरावी लागते. नोंदणी मात्र काम घेण्याआधी झालेली असावी; भांडण झाल्यावर केलेल्या नोंदणीचा जुन्या बिलासाठी भरवसा धरता येत नाही.

व्यापाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं, की प्राप्तिकरात 2024-25 या करनिर्धारण वर्षापासून सूक्ष्म आणि लघु उद्योगांची मुदत उलटून गेलेली देणी त्या वर्षाचा खर्च म्हणून धरता येत नाहीत. पैसे दिले त्या वर्षीच धरता येतात. वीस-तीस हजारांचं बिल अडवून ठेवण्यात काहीच फायदा नाही.

करांची बाजू नव्या मुलांना कुणी नीट सांगत नाही. सेवांसाठी जीएसटीची नोंदणी 20 लाखांच्या वार्षिक उलाढालीपर्यंत सक्तीची नाही. नोंदणी नसताना बिलात जीएसटी लावता येत नाही, मग गिऱ्हाइकाने कितीही आग्रह धरला तरी. नोंदणी घेऊन परदेशी काम करणाऱ्याने दर आर्थिक वर्षासाठी आरएफडी-11 या अर्जात एलयूटी (कर न भरता निर्यात करण्याचं हमीपत्र) नव्याने भरावं. 31 मार्चला जुनं संपतं. परदेशातून पैसे आले की बँकेकडून आवक प्रमाणपत्र मागून ठेवावं. मोठं गिऱ्हाइक व्यावसायिक शुल्कातून 10 टक्के टीडीएस कापतं, तेव्हा 26एएस म्हणून ओळखल्या जाणाऱ्या करजमेच्या पत्रकात ती रक्कम खरंच आली का ते तिमाहीला पाहावं. पॅनमधलं एक अक्षर चुकलं तर पैसा अडकून पडतो. प्राप्तिकरात 44एडीए म्हणून ओळखली जाणारी अनुमानित योजना यांना बहुधा सोयीची असते: जमेचे निम्मे पैसे उत्पन्न धरायचे, मर्यादा 50 लाख, रोख जमा पाच टक्क्यांच्या आत असेल तर 75 लाख, आणि आगाऊ कर 15 मार्चपर्यंत एकाच हप्त्यात. व्यवसाय कराचे वर्षाचे 2,500 रुपये बरेच जण विसरतात.

एक गोष्ट आपल्या गावाची. मे महिन्यात, त्यातही नवतपात (सर्वांत कडक उन्हाच्या नऊ दिवसांत), वीज जाते तेव्हा लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो पण राउटर आणि फायबरचा डबा बंद पडतो. त्यासाठी इन्व्हर्टरची गरज नाही. 12 व्होल्टचा छोटा यूपीएस पुरतो. डब्याच्या ॲडॅप्टरवर किती व्होल्ट आणि किती अँपिअर लिहिले आहेत ते वाचूनच घ्यावा. अँपिअर कमी पडले तर राउटर दर काही मिनिटांनी पुन्हा सुरू होत राहतो. इन्व्हर्टरची बॅटरी पश्चिमेच्या तापलेल्या भिंतीला लावून ठेवू नये, आणि उन्हाळ्यात डिस्टिल्ड पाण्याची पातळी वरचेवर पाहावी. सिमेंट रस्त्यांच्या खोदकामात केबल तुटते म्हणून लोक दोन कंपन्यांचं इंटरनेट घेतात, पण दोन्ही तारा एकाच खांबावरून आलेल्या असतील तर जेसीबीच्या एकाच फटक्यात दोन्ही जातात. दुसरी सोय मोबाइल नेटवर्कची ठेवावी.

आमची विनंती आहे, की नाग विदर्भ चेंबर ऑफ कॉमर्स आणि विदर्भ इंडस्ट्रीज असोसिएशन यांनी वेबसाइटच्या कामासाठी मराठीत एक पानाचा करारनामा तयार करून सभासदांना द्यावा, आणि आपण तो व्यापाराच्या पानावर छापावा. त्यात डोमेनचा मालक आणि त्याचा ईमेल, मजकूर देण्याची तारीख, पानं आणि दुरुस्त्यांची संख्या, तीन हप्ते, 45 दिवसांची मुदत, उद्यम क्रमांक, देखभालीची वर्षाची रक्कम आणि काम सोडताना सगळे पासवर्ड सात दिवसांत देण्याची अट, एवढं असलं तरी पुरे. तोपर्यंत कुणी थांबून राहू नये. याच गोष्टी ईमेलमध्ये लिहून पाठवाव्यात आणि समोरच्याकडून ‘मान्य’ असं उत्तर घ्यावं. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 10ए प्रमाणे इलेक्ट्रॉनिक स्वरूपात झालेला करार केवळ त्या कारणासाठी अमान्य ठरत नाही.

आपले,
स्वतंत्रपणे वेबसाइटचं काम करणारे काही वाचक,
नागपूर