विषय : एसटीपीचा (सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पाचा) ब्लोअर रात्री बंद ठेवण्याबाबत (पुन्हा एकदा)

प्रति,
मा. अध्यक्ष, व्यवस्थापन समिती

स.न.वि.वि.

उन्हाळ्यापासून मी याच विषयावर लिहीत आहे. गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे सभासदाच्या तक्रारीवर समितीने पुढच्याच सभेत निर्णय घ्यायचा आणि त्यानंतर पंधरा दिवसांत कळवायचे असते. मला मिळाले ते व्हॉट्सॲपवर जोडलेले हात. म्हणून सविस्तर लिहितो, म्हणजे नंतर "मुद्दाच कळला नाही" असे व्हायला नको.

बी-१०२ च्या साहेबांची झोपमोड होते म्हणून रात्री दहा ते सकाळी सहा सांडपाण्याच्या टाकीत हवा सोडणारा ब्लोअर बंद. ते रहिवासी भागातली रात्रीची ४५ डेसिबलची मर्यादा दाखवतात. मर्यादा खरी आहे, २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत आहे. पण आवाज मोजला कशाने, तर मोबाइलच्या ॲपने. नातवाच्या वाढदिवसाला रात्री अकरापर्यंत स्पीकर वाजला तेव्हा ते ॲप बहुधा उघडले नसावे. त्यांच्या गाडीचे पार्किंग हा वेगळा विषय आहे, तो इथे काढत नाही.

सांडपाणी ब्लोअर साफ करत नाही, जिवाणू करतात. त्यांच्यासाठी टाकीत लिटरमागे साधारण २ मिलिग्रॅम विरघळलेला प्राणवायू लागतो. हवा थांबली की तो थोड्याच वेळात संपतो आणि प्राणवायूवाचून जगणाऱ्या जिवाणूंचे फावते. ते हायड्रोजन सल्फाइड तयार करतात. कुजक्या अंड्याचा वास तो हाच. रात्रभर हा वायू पाण्यात साठतो आणि सहाला ब्लोअर सुरू झाला की बुडबुडे तो एका दमात बाहेर काढतात. यावर खजिनदारांचे म्हणणे, "ब्लोअर लावल्यावरच वास येतो, म्हणजे दोष ब्लोअरचाच." काय बोलणार! फ्लशला येणारे पिवळट पाणीही याच टाकीत शुद्ध होऊन येते.

१९१४ साली मँचेस्टरच्या आर्डर्न आणि लॉकेट यांनी ही पद्धत मांडली. हवा देत राहायची आणि तयार झालेला गाळ फेकून न देता राखायचा, इतकेच तिचे मर्म. आपण त्यातल्या पहिल्याच गोष्टीला रोज आठ तास सुट्टी देतो.

रविवारी वॉचमनकडून झाकण उघडून घेतले. टाकीभर बारीक बुडबुडे सारखे यायला हवेत. त्याऐवजी पूर्वेच्या कोपऱ्यात पाणी खदखदत होते आणि बाकी पृष्ठभाग ढिम्म. तिथल्या डिफ्यूझरचा (हवेचे बारीक बुडबुडे करणाऱ्या तळातल्या भागाचा) रबरी पडदा फाटला असणार. सगळी हवा त्या सोप्या वाटेने निघून जाते, आणि मोठा बुडबुडा भसकन वर येऊन प्राणवायू पाण्याला न देताच जातो. उरलेल्या डिफ्यूझरवर रोज रात्री गाळ बसतो, छिद्रे चोंदतात, ब्लोअरवर दाब वाढतो, बेल्ट घसरून किंचाळतो. म्हणजे बी-१०२ ला ज्या आवाजाचा त्रास होतो तो ब्लोअर बंद ठेवल्यानेच वाढतोय. हे मी त्यांना जिन्यात शांतपणे समजावले होते. त्यांनी मला "तज्ज्ञ" म्हटले, पण ज्या सुरात म्हटले तो सूर इथे लिहिता येत नाही.

त्यांच्या हॉलमध्ये माशांची मोठी टाकी आहे. तिचा पंप रात्रभर चालू असतो, असायलाच हवा. तेवढेच आमच्या जिवाणूंसाठी मागतो आहे.

ब्लोअर चोवीस तास चालावा. वीज वाचवायची असेल तर व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारे उपकरण) बसवा. मध्यरात्री सांडपाणी कमी येते तेव्हा वेग कमी करा, शून्य नको. आवाजासाठी अकूस्टिक हूड (आवाज दाबणारे आवरण) आणि खाली रबरी पॅड घाला, सध्या यंत्र थेट काँक्रीटवर बसवले आहे. डिफ्यूझर बदला. पैसे नाहीत असे कृपया सांगू नये, गेटवरचे कारंजे मागच्याच वर्षी बसले.

सी विंगमधले सगळे माझ्याशी सहमत आहेत. सह्या जोडलेल्या नाहीत, कारण शेजारधर्मामुळे कोणाला वाईटपणा नको आहे. तो मी घेतो.

समितीची पुढची सभा सकाळी सहाला एसटीपीच्या झाकणापाशी घ्यावी. चहा माझ्याकडून.

आपला,
सभासद, सी-२०३

प्रत : सचिव, खजिनदार, नोटीस बोर्ड (या वेळी काढू नये)