दिवाळीच्या संदेशात राजकारण? असू द्या की!

सणाच्या शुभेच्छांत राजकारण नको, असे आपण सहज म्हणतो. पॅसिफिक महासागरातील फिजी या बेटदेशाचे माजी पंतप्रधान महेंद्र चौधरी यांनी दिवाळीच्या निमित्ताने लोकशाही आणि वांशिक समानतेचा आग्रह धरला, यात मला काहीच वावगे वाटत नाही. १९९९ मध्ये पंतप्रधान झालेल्या या पहिल्या भारतवंशीयाला १९ मे २००० रोजी चक्क संसदेतच ओलीस धरले गेले; सुटका ५६ दिवसांनी! १८७९ पासून भारतातून फिजीच्या ऊसमळ्यांवर नेलेल्या गिरमिटियांचे, म्हणजे करारबद्ध मजुरांचे, हे वंशज. (आपल्याकडे गिरमिट म्हणजे सुताराचे भोक पाडायचे हत्यार, तिथे तो ‘अ‍ॅग्रीमेंट’चा अपभ्रंश.) २०१३ च्या राज्यघटनेने संसदेतील वंशनिहाय जागा गेल्या खऱ्या, पण ती राज्यघटनाही लष्करी उठावातून आलेल्या सरकारनेच दिलेली.

– एक वाचक, सांगली