ओट्याचा दगड ठरवण्याआधी

न्यू जर्सी,
रविवार, रात्र

ती. आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

मी वेळेवर जेवते, गरम कपडे पुरेसे आहेत, खोकला गेला. आता ओट्याकडे वळते.

बाबा, तुम्ही पाठवलेला ग्रॅनाइटच्या चार इंची तुकड्याचा फोटो पाहिला. त्यावर होकार देऊन येऊ नका. टॅन ब्राऊन, स्टील ग्रे हे दगड तुकड्यावरून कळतात, कारण अख्खी लादी साधारण तशीच असते. आईला आवडलेला विस्कॉन व्हाइट लाटांचा. त्यातली एखादी काळी लाट हात-दोन हात लांब जाते. तुकड्यात ती एकतर येतच नाही, नाहीतर नुसती तीच येते. कात्रज-कोंढवा रस्त्याला दगडाच्या दुकानात जाल तेव्हा लादी उभी करून उजेडात दाखवायला सांगा आणि ओल्या फडक्याने पुसून घ्या. पाणी वाळताना भेग असेल तिथली रेघ ओली राहते. दगडाची अंगचीच रेघ असेल तर ती बाकीच्याबरोबर वाळते, शिवाय नखाला लागत नाही. लादीच्या पाठीला जाळी चिकटवलेली दिसली तर का लावली ते विचारा. नाजूक दगड वाहतुकीत फुटू नये म्हणून लावतात. तो वाईटच असतो असं नाही, पण सिंकच्या कापाजवळ त्याला जपावं लागतं.

इथे एक भलतीच रीत आहे. लोक दगड बघायला जाताना स्वयंपाकघरातल्या कपाटाचं दार काढून गाडीत घालून नेतात. आई, हसू नकोस, खरंच बिजागरीचे स्क्रू काढून. दुकानात ते दार लादीला टेकवून ठेवायचं, दहा पावलं मागे जायचं, डोळे बारीक करून बघायचं, मग दुसऱ्या लादीला टेकवायचं. कोणी ड्रॉवरच आणतं. शेवटी पसंत पडलेल्या लादीवर चिकटपट्टीने शेगडी कुठे, सिंक कुठे ते आखायचं आणि आपण भांड्यांवर नाव घालतो तसं लादीवर आपलं नाव लावून घरी जायचं. मग महिनाभर तिला कोणी हात लावत नाही. मला आधी हा निव्वळ रिकामटेकडेपणा वाटायचा. पण दार आणि दगड शेजारी ठेवल्याशिवाय रंग कळत नाही, हे त्यांचं खरं आहे. तुम्ही अख्खं दार नेऊ नका, सनमायकाचा तुकडा आणि डॅडोची, म्हणजे ओट्यामागच्या भिंतीची, एक टाइल पिशवीत टाका, तेवढं पुरे.

आणि चिकटपट्टी जरूर न्या. आपला ओटा एल आकाराचा, ८ फूट आणि ६ फूट. त्यात शेगडीचे अडीच फूट, सिंकचे दोन, शिवाय मिक्सर आणि पाण्याचं पिंप. मोठी नक्षी उघडी दिसायला जागाच उरत नाही. त्यातून लाटांचा दगड कोपऱ्यात वळला की एका बाजूच्या लाटा दुसऱ्या बाजूला काटकोनात आपटतात. ४५ अंशांत कापून जोडला तर बरं दिसतं, पण दगड जास्त लागतो. पुढची गोल कड धरून ओट्याची खोली २५ इंच. एका बाजूला ८ फूट, दुसरीकडे कोपरा सोडून ४ फूट, म्हणजे २५ चौरस फूट. नक्षी जुळवायची तर ३२ धरा. ९ बाय साडेपाच फुटांच्या एकाच लादीतून दोन्ही पट्टे निघतात. दोन लाद्या घ्यायची वेळ आलीच तर एकाच ब्लॉकच्या, म्हणजे एकाच मोठ्या दगडातून कापलेल्या, लागोपाठच्या नंबरच्या घ्या.

बाबा, तुमचा काळा जेट ब्लॅक टँकरच्या पाण्याने आठवड्यात पांढरट दिसायला लागेल. वर काही काळे दगड रंगवलेले असतात. पांढऱ्या कापसावर नेलपॉलिश रिमूव्हर घेऊन घासा, कापूस काळा झाला तर परत फिरा. आई, काश्मीर व्हाइटही नको. तो काश्मीरचा नाही, तमिळनाडूचा, आणि हळद-तेल पितो. कुठल्याही फिकट दगडावर पाण्याचा थेंब दहा मिनिटं ठेवून बघा. खाली डाग गडद झाला तर सीलर, म्हणजे डाग आत मुरू न देणारा लेप, लावावाच लागेल, आणि वर्षा-दीड वर्षाने पुन्हा. माझं मत टॅन ब्राऊनला. क्रीम रंगाच्या दारांना तो शोभतो आणि फोडणीचे शिंतोडे त्यावर दिसत नाहीत. डॅडो मात्र साधा ठेवा.

मिस्त्रीला तीनच गोष्टी बजावा. शेगडी-सिंकच्या कापाचे कोपरे गोल हवेत, टोकदार कोपऱ्यातूनच तडा जातो. आणि खाली कडप्पा सलग हवा, पोकळी राहिली की खलबत्त्याच्या घावाने दगड तिथेच तडकतो. जोड सिंकवर नको.

ग्रॅनाइटमधून किरण निघतात हा तुमचा फॉरवर्ड वाचला. थोडा रेडॉन हा किरणोत्सारी वायू निघतो हे खरं, पण ओट्यातून निघणारा सहसा नगण्य असतो. खिडकी उघडी ठेवा. आणि हो, 'तिकडे बसून सांगणं सोपं आहे' हेही वाचलं.

शुक्रवारी एक लाख पाठवलेत. कमी पडले तर सांगा, चिनूच्या लग्नाच्या पैशांना हात लावू नका. साखरपुड्याला मला येता येणार नाही, रजा उरलेली नाही. लग्नाला आठ दिवस येतेच. औंधच्या स्थळाचं मी नाही म्हटलेलं नाही, फक्त आत्ता नको म्हटलंय. आईने त्यांना तसंच सांगावं, 'विचार करतेय' असं नको. केळवणाच्या आत ओटा होईल ना? फोटो पाठवा.

तुमची,
मनू

ता. क. उरलेला पट्टा दुकानात सोडू नका, पैसे आपण दिलेत. खिडकीच्या कट्ट्याला होईल, आणि एक तुकडा आजीच्या देवघराखाली घाला. तिथली फरशी मी मागच्या वेळी बदलून देणार होते.