आईची पत्रं लिहिणाऱ्या बाईंना

बाई, सादर नमस्कार.

म्हापशाला तुमच्याकडे आलो की हे बोलायचं राहूनच जातं, म्हणून लिहून टाकतो. आणि उघडच लिहितो, कारण आमच्या पेडण्यात फौजेत गेलेल्यांचं कौतुक होतं पण त्यांच्या घरी बसून पत्रं लिहिणाऱ्यांचं नाव कोणी काढत नाही.

हल्लीच्या पोरांना माहीत नसतं म्हणून थोडं सांगतो. २९ जुलै १९८७ ला कोलंबोत करार झाला आणि आपली शांतिसेना श्रीलंकेत उतरली, मागाहून आमची मराठा लाईट इन्फंट्रीची पल्टन पण गेली. नाव शांतिसेना, पण ऑक्टोबरात ऑपरेशन पवन सुरू झालं नि जाफन्यात तमिळ वाघांशी सरळ लढाईच. रस्त्यात सुरुंग, मोरीखाली सुरुंग, गाड्या सोडायच्या आधी सकाळी रस्ता तपासत चालत जायचं. आपले हजारावर जवान तिथे कामी आले. शेवटची तुकडी परतली ती मार्च १९९० मध्ये.

आईला अक्षर ओळख नव्हती. शाळा सुटली की तुम्ही आमच्या पडवीत येऊन बसायचात, आई तांदूळ निवडता निवडता कोंकणीत सांगायची आणि तुम्ही निळ्या इनलँडवर मराठीत उतरवायचात. त्याच्या थोडंच आधी या दोन भाषांवरून गोव्यात केवढं पेटलं होतं, आमच्या पडवीत कोणाला त्याचं काही वाटलं नाही.

बाई, मला सगळ्यात मोठे आभार मानायचेत ते याचे की तुम्ही तिचं बोलणं सुधारलं नाहीत. माझ्या सेक्शनमधल्या बाकीच्यांना पत्रं यायची ती कोणाकडून तरी लिहून घेतलेली, 'इकडील सर्व क्षेम, तुमचे क्षेम कळवावे', झालं, संपलं. माझ्या पत्रात मात्र नारळ काढणारा पाडेली आला नाही म्हणून नारळ माडावरच राहिलेत, तांबडी गाय व्याली, चवथीला गणपतीवर बांधायच्या माटोळीला यंदा कांगलांची रानफळं मिळाली नाहीत, काकाने परत शेताचा बांध आपल्या बाजूने सरकवला आणि तू तिकडे बसून काय करतोस, असं सगळं रागासकट यायचं. रात्री संत्रीला उभं राहिलं की मी तो बांध मनात परत जागेवर आणायचो, काकाशी भांडायचो, आणि त्यात ड्युटीचे तास निघून जायचे. भीती वाटायची नाही असं नाही, पण डोक्याला दुसरं काम असायचं. पोरं मला म्हणायची वाच रे मोठ्याने, सातारचा एक जण तर काकाचं पुढे काय झालं ते माझ्याआधी विचारायचा.

आणि तो नंबर! ५६ एपीओची, म्हणजे फौजेच्या पोस्टाची, डाक कधी आठवडाभर यायची नाही आणि मग एकदम गठ्ठा यायचा, पुढचं पत्र आधी, मागचं नंतर. तुम्ही प्रत्येक इनलँडच्या कोपऱ्यात नंबर घालायला लागलात, त्यामुळे मधलं एखादं यायचं राहिलंय एवढं तरी कळायचं. मग आमच्या सगळ्या सेक्शनने घरी कळवलं की पत्रावर नंबर घाला.

माझी पत्रं आईला वाचून दाखवायचात तुम्हीच. कुठे आहोत, काय चाललंय ते लिहायची परवानगी नव्हती, पण माझ्या शेजारी झोपणारा मित्र सुरुंगात गेला तेव्हा मला कोणाला तरी सांगितल्याशिवाय राहवेना, म्हणून तुम्हाला शाळेच्या पत्त्यावर वेगळं लिहिलं, आईला नको म्हणून. तुमचं उत्तर दोन ओळींचं आलं: 'वाचलं. त्याच्याबद्दल अजून लिहावंसं वाटलं तर लिही, इथेच राहील.' मी लिहिलं, खूप लिहिलं, आणि गावात त्यातला एक शब्द गेला नाही. एवढ्याशा गावात, बाई! आईला तर शेवटपर्यंत कळलं नाही.

इनलँड सगळी ट्रंकेत आहेत. आई जाऊन बरीच वर्षं झाली, पण माझी मुलगी ती वाचते आणि विचारते की आजी खरंच असंच बोलायची काय, मी म्हणतो अगदी असंच.

चवथ झाली की ती पत्रं घेऊन तुमच्याकडे येतो. काही ठिकाणी पावसाने शाई फुटलीय, तिथे आई काय म्हणाली होती ते तुम्हाला आठवतं काय ते बघूया.

तुमचा,
वरच्या वाड्यावरचा फौजी