पॅकहाऊसचं काँक्रीट पडायच्या आधी

प्रति,
मा. फलोत्पादन मंत्री, कर्नाटक सरकार, बेंगळुरू

स. न. वि. वि.

बेळगावजवळच्या कडोली भागातला माझा कोबी आणि गाजर चोर्ला घाटातून गोव्याला जातं. माल धुऊन, निवडून भरायला आमची छोटी शेड आहे. सरकारी मदतीनं मोठी पॅकहाऊस उभी राहावीत, ही आमचीच मागणी. पण आधी एक ऐका.

गाजर, कोबी लोक कच्चे खातात. लिस्टेरिया नावाचा जंतू फ्रिजच्या थंडीतही वाढतो, म्हणजे कोल्ड स्टोरेजच्या भरवशावर राहता येत नाही. २०११ साली अमेरिकेत कोलोरॅडोतल्या एका शेतावरच्या खरबुजांनी ३३ माणसं दगावली. तपासात काय निघालं? शेडमध्ये साचलेलं पाणी, आणि नीट धुता न येणारी, आधी बटाट्यासाठी वापरलेली यंत्रं. वाचून मी गप्प झालो. आमच्याकडे ज्या खराट्यानं गटार साफ होतं, त्यानंच टेबलाखालचं पाणी ओढतात. मीही ओढलंय.

कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२२ मध्ये दोन पॅकहाऊस संगणकात उभी केली. रोलर, टेबल, गटार, कामगार, सगळं त्यात. कशाचा हात कशाला लागतो, धुणं कधी होतं, हेही. मग मालासोबत येणारे जंतू कमी केले तर काय, कामगारांच्या हातून होणारा फैलाव रोखला तर काय, हे पुन्हा पुन्हा चालवून पाहिलं. खऱ्या शेडमध्ये असे प्रयोग करायला हंगाम पुरायचा नाही. शिवाय जमिनीचा चुकलेला उतार काँक्रीट फोडूनच सुधारतो; संगणकात तो पुसता येतो. तेव्हा आमचीही पॅकहाऊस आधी अशी संगणकात उभी करा.

मात्र इथली मोजणी नसेल तर तो नुसता व्हिडिओ गेम. म्हणून नव्या पॅकहाऊसच्या मंजुरीआधी एक हंगामभर चालू शेडमधल्या गटारांचे, रोलरचे, क्रेटचे, बुटांच्या तळव्यांचे नमुने तपासा. पावसाळा सोडू नका, चिखल तेव्हाच आत येतो. अरभावीचं उद्यानविद्या महाविद्यालय आणि बेळगावातलं विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ हाताशी आहेत. मुलांना प्रोजेक्टला विषयही मिळेल. निघालेल्या सूचना कन्नडबरोबर मराठीतही लावा. निवडणाऱ्या बायकांना वाचता आलं नाही, तर फलक भिंतीचा रंग झाकण्यापुरताच.

सुरुवात आमच्या शेडपासून करा. माणसं पाठवाल तर पहाटे पाठवा, उजाडेपर्यंत गाडी भरून निघालेली असते.

आपला,
कडोलीचा एक भाजी उत्पादक