दादा, क्लब बदलण्याआधी एवढं वाच

नोव्हाय, मिशिगन
11 मे 2025

ती. दादास,
सा. न. वि. वि.

फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून लिहून पाठवते आहे. वहिनीला मोठ्याने वाचून दाखव, म्हणजे मधेच सोडून देता येणार नाही.

गार्गीला सर बाकावर बसवतात, उतरवलं तरी दोन पास चुकले की लगेच बाहेर काढतात, घरी आली की पोरगी जेवत नाही. हे सगळं वहिनीकडून कळलं. आणि तू आता क्लबच बदलायला निघाला आहेस, कारण 'त्या माणसाला बास्केटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही'. तुझं स्वतःचं बास्केटबॉलचं शिक्षण गार्गीला स्कूटरवरून ग्राउंडवर सोडण्यात झालंय, पण असो. मी काही फार मोठी जाणकार नाही. फक्त मी जिथे राहते तिथे गेली दोन वर्षं लोक नेमकं याच विषयावर भांडतायत, आणि ईशानमुळे आमच्या घरातही जेवताना दुसरा विषय नसतो.

इथली टीम म्हणजे डेट्रॉइट पिस्टन्स, एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमधली. 1989, 1990 आणि 2004 साली विजेते झालेले, त्यामुळे इथल्या लोकांचा तोरा आपल्या पेठेतल्या लोकांइतकाच. 2023 च्या उन्हाळ्यात त्यांनी माँटी विल्यम्स नावाचा कोच आणला. सहा वर्षांचा करार, 7 कोटी 85 लाख डॉलर. माणूस ऐरागैरा नव्हे. फिनिक्सच्या टीमला त्याने 2021 मध्ये अंतिम फेरीत नेलं होतं, पुढच्या वर्षी लीगचा सर्वोत्तम कोच ठरला होता. त्याच्या हाताखाली इथल्या पोरांनी पहिल्या तीनपैकी दोन मॅच जिंकल्या आणि मग ओळीने 28 हरले. एका सीझनमध्ये इतक्या सलग मॅच लीगच्या इतिहासात कोणीच हरलं नव्हतं. शेवटी 82 पैकी 14 विजय.

त्यातली सत्ताविसावी हार आम्ही स्टेडियममध्ये बसून पाहिली. नाताळाची सुट्टी होती, ईशानचा हट्ट होता. समोर ब्रुकलिनची टीम. आमच्या पुढच्या रांगेत एक साठीचे गृहस्थ, अंगात टीमच्या जुन्या खेळाडूची, बेन वॉलेसची, जुनी 3 नंबरची जर्सी, धुऊन धुऊन आकडा तडकलेला, आणि शेजारी त्यांचा तिशीतला मुलगा. बाप म्हणे दोष मालकाचा आणि खेळाडू निवडणाऱ्यांचा, मुलगा म्हणे कोचचा. केड कनिंगहॅम या बावीस वर्षांच्या मुलाने एकट्याने 41 पॉइंट काढले, तरी हरले. सगळं स्टेडियम 'टीम विका, टीम विका' म्हणून ओरडत होतं, आणि हे दोघे एकमेकांशी भांडण्यात इतके गुंग की ओरडायचंही विसरले. अमृततुल्यच्या बाकावरून उचलून आणल्यासारखे वाटले मला.

आता मुद्द्यावर येते. लोकांचा राग हरण्यापेक्षा जेडन आयव्हीवरून जास्त होता. हा मुलगा 2022 ला, नवीन खेळाडूंच्या निवडीत, पाचव्या क्रमांकाने निवडलेला. पहिल्या वर्षी जवळजवळ प्रत्येक मॅचमध्ये सुरुवातीच्या पाचांत खेळला, सरासरी 16 पॉइंट काढले. नव्या कोचने त्याला बाकावर बसवलं आणि त्याच्या जागी किलियन हेज नावाचा दुसरा तरुण खेळवला. हेजचा नेम कधीच बसला नव्हता. चारेक महिन्यांत टीमने त्याला सोडूनच दिलं. मग वर्षभर वाढवलेला आयव्ही बसवला कशासाठी, हे प्रेक्षकांना कोडं. ईशानच्या मित्राचे वडील (सोलापूरकडचे, आवाज तसाच खणखणीत) म्हणायचे, 'पोरगं चुका करतं म्हणून बसवलं म्हणता, मग बाकावर बसून कुठली चूक सुधारते?'

यावर आमच्या ऑफिसातल्या लोकांचं उत्तर ठरलेलं: कोच करणार काय? टीममध्ये लांबून बास्केट करणारं कोणी नाही, अनुभवी माणसं दुखापतीने बाहेर, राहिली सगळी विशी-बाविशीची. लांबून नेम धरणारा नसला की समोरची टीम पाचही जण बास्केटखाली गर्दी करून उभे करते, आणि केडसारख्याला आत घुसायला वाटच उरत नाही. म्हणजे एकाचं कौशल्य दुसऱ्याच्या उणिवेपायी फुकट. हेही खोटं नव्हतं.

एक गंमत सांगते, तुला आवडेल. इथे हरणाऱ्याला बक्षीस मिळतं. शेवटून पहिल्या तीन टीमना नवीन खेळाडूंमधला पहिला निवडण्याची प्रत्येकी 14 टक्के संधी, आणि ते चिठ्ठ्या काढून ठरतं. त्यामुळे काही टीम मुद्दाम हरतात असा कायमचा संशय. पिस्टन्स दोन वर्षं ओळीने सगळ्यात तळाला राहिले आणि दोन्ही वेळा पाचवाच नंबर लागला; त्याआधीच्या वर्षीही पाचवाच. तळाच्या टीमला पाचवा नंबर लागायची शक्यता जवळजवळ निम्मी असते, त्यामुळे नशिबाला तरी किती शिव्या देणार. पण 'हरू द्या, पुढे चांगला मुलगा मिळेल' म्हणणाऱ्यांची तोंडं बंद झाली.

पुढे जे झालं, त्यासाठी हा एवढा पाल्हाळ. वर्षभरातच विल्यम्सला घालवलं आणि जे. बी. बिकरस्टाफला आणलं. त्याला क्लीव्हलंडने नुकतंच काढलं होतं. सोबत तीन जाणते खेळाडू आले: टोबायस हॅरिस, टिम हार्डवे ज्युनियर, मलिक बीझली. यातल्या बीझलीने सीझनभरात 319 थ्री (लांबून मारलेल्या, तीन पॉइंटच्या बास्केट) मारल्या. पोरं मात्र तीच. विजय 14 वरून 44. सहा वर्षांनी प्लेऑफ, म्हणजे सीझननंतरच्या बाद फेऱ्या, तिथे न्यूयॉर्कशी सहा मॅच, आणि दहा दिवसांपूर्वीची शेवटची फक्त तीन पॉइंटनी गेली. ईशान दुसऱ्या दिवशी शाळेत जायला तयार नव्हता.

दादा, तू ढोल पथकात होतास तेव्हा नव्या पोराला दोन जुन्यांच्या मधे उभं करायचात ना? हे तसंच झालं. जुने तिघे आले म्हणून पोरांचे हात मोकळे झाले. पण नुसतं तेवढंच नाही. टीमने फ्रेड व्हिन्सन नावाचा खास नेम शिकवणारा माणूस आणला. आयव्हीच्या थ्री आधी तीनात एक बसायच्या, त्या दहात चार बसू लागल्या. (एक जानेवारीला बिचाऱ्याचा पाय मोडला आणि सीझन संपला. तो वेगळा रडका विषय.) ऑसर थॉम्पसनला तर लांबून नेमच नाही. तरी तो खेळला, कारण त्याला काम ठरवून दिलेलं: समोरच्या टीमचा सगळ्यात भारी खेळाडू तू धरायचा. न्यूयॉर्कच्या ब्रन्सनला त्यानेच पिडला. नेम नाही म्हणून त्याला कोणी बाकावर वाळत घातलं नाही.

मग विल्यम्स नालायक का? मला तसं नाही वाटत. आणि ज्या क्लीव्हलंडने बिकरस्टाफला काढलं, त्यांनी या वर्षी 64 मॅच जिंकल्या. त्यांच्या नव्या कोचला परवाच सर्वोत्तम कोचचा मान मिळाला, मतांत बिकरस्टाफ दुसरा. काढणारेही बरोबर आणि घेणारेही बरोबर, असं दोन्ही असू शकतं. विल्यम्सचं माझ्या मते एकाच ठिकाणी चुकलं: बाकावर बसलेल्या पोराला आपण काय केलं की परत आत जाऊ, हे कळत नव्हतं. निदान बाहेरून बघताना तरी तसंच दिसायचं.

म्हणून गार्गीबद्दल सांगते. तिच्या मॅचला दहा-दहा मिनिटांचे चार क्वार्टर. पाच जणी गुणिले 40, म्हणजे सरांच्या हातात वाटायला 200 मिनिटं, आणि मुली बारा. सारखी वाटली तरी कोणाला 17 मिनिटांच्या वर मिळत नाहीत. जिंकायचंय म्हटल्यावर सारखी वाटणार नाहीतच. तिला सहा मिनिटं मिळतात म्हणून सरांशी भांडू नकोस. एवढंच विचार, आणि तू नको विचारूस, तिलाच विचारू दे: 'सर, मला बाहेर काढता तेव्हा मी नेमकं काय सुधारू?' त्यांनी 'डावा हात कच्चा आहे, दबाव आला की डोकं खाली घालून ड्रिबल करतेस' असं काही सांगितलं, तर माणूस शिकवणारा आहे. गुपचूप तिथेच राहा. 'बघू' म्हणाले, पुढच्या महिन्यातही 'बघू'च म्हणाले, तर खुशाल दुसरा क्लब शोध, मी तुझ्या बाजूने. क्लबात थोरल्या मुली लहानग्यांबरोबर प्रॅक्टिस करतात का, तेही बघ. आपल्या पुण्याची शिरीन लिमये भारताची कॅप्टन झाली म्हणून गार्गीने खोलीत फोटो लावलाय ना. ती भिंत तशीच राहू दे, प्रत्येक मॅचनंतर तिच्याशी तुलना करू नकोस.

आणि गॅलरीतून ओरडणं बंद कर. वहिनी म्हणाली, रेफरीने तुला दोनदा बजावलं.

इकडे बरं आहे. मकरंदच्या कंपनीत टॅरिफमुळे सगळे जीव मुठीत धरून बसलेत, पण त्याच्या विभागाला अजून झळ नाही. बर्फ गेलं, अंगणात मेथी पेरली आहे. आईच्या गुडघ्याचा एक्सरे काढला का, ते कळव. ती मला 'काही नाही गं' एवढंच म्हणते. तुमची आंब्याची पेटी संपली असेलच. इथे डबाबंद रसावर भागवतोय, त्यामुळे फोटो पाठवू नका.

मकरंदचा सहकारी जूनच्या पहिल्या आठवड्यात पुण्याला येतोय. त्याच्याबरोबर गार्गीचे बूट पाठवते. पायाचं माप सेंटिमीटरमध्ये कळव, संध्याकाळी आणि मोजे घालून घेतलेलं. परत येताना तो मेतकूट आणि गोडा मसाला आणेल, आईने केलेला, दुकानातला नको.

तुझी,
मृणाल